गोळी केव्हा, चहा केव्हा आणि पावडर काहून?

वाचक विचारतात : चालू ट्रीटमेंटसोबतचा आहार आणि सप्लिमेंट

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात म्हटलं होतं की दवाखान्याची औषधं चालू असताना सोबत कोणी व्हिटॅमिनच्या गोळ्या, पावडरी, काढे, चूर्णं घेऊन राहिलं असेल तर लिहून पाठवा, तर अक्षरशः ढीग आला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापत नाही, कारण बऱ्याच जणांनी शेवटी लिहिलंय, "डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही, ते रागावतात." आता मी आहारतज्ज्ञ, तुमची गोळी बंद-चालू करणं हे माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचंच. पण कोणती गोळी कशासोबत भांडते आणि ताटात काय असावं हे नक्की सांगू शकते.

प्रश्न : ताई, वय ४३, मनीष नगरला राहते. थायरॉइडची गोळी चालू आहे. हिमोग्लोबिन ९ च्या वर जात नाही म्हणून लोहाची गोळी, आणि गुडघे दुखतात म्हणून कॅल्शियम. सकाळी पोरांचे डबे, माझं ऑफिस, म्हणून विसरायला नको असं म्हणून सगळ्या गोळ्या चहासोबत एकदमच घेऊन घेते. थायरॉइडची रक्ततपासणी, टीएसएच, काही खाली येत नाही, डॉक्टर डोस वाढवून राहिले. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गमीज पण आणल्या. काय चुकून राहिलं?

बाई गं, एका कपात चौघांची मारामारी लावून दिलीस तू.

थायरॉइडची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, ती उपाशीपोटी साध्या पाण्यासोबतच नीट शोषली जाते. कॅल्शियम आणि लोह पोटात आले की ते तिला धरून ठेवतात आणि गोळीचा काही भाग तसाच बाहेर जातो, म्हणून या दोघांत आणि थायरॉइडच्या गोळीत निदान ४ तासांचं अंतर पाहिजे. इकडे कॅल्शियम लोहालाही आडवं येतं, आणि चहातलं टॅनिन तर लोहाचं जुनं दुश्मन. म्हणजे तू रोज ३ गोळ्या इमानदारीने गिळून राहिली आणि अंगी लागून राहिलं फार थोडं.

असं कर. उठल्याबरोबर फक्त थायरॉइडची गोळी, पाण्यासोबत, मग पाऊण-एक तास काही नाही, तेवढ्यात डबे होऊन जातात, मग चहा. लोहाची गोळी ऑफिसच्या पर्समध्ये ठेव आणि बारा-साडेबाराला लिंबूपाण्यासोबत घे, किंवा संत्र्याच्या दिवसांत एक संत्रं खा सोबत, आपल्याकडे त्याचा तोटा नाही, क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. त्याच्या मागेपुढे तासभर चहा नको. कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत. लोहाने पोटात मळमळतं, बद्धकोष्ठ होतं अशी तक्रार असेल तर डॉक्टरांना विचार की एक दिवसाआड घेतली तर चालेल का, कारण एक डोस घेतला की शरीर पुढचा दिवसभर लोह आत घ्यायचा दरवाजा जरा लोटूनच घेतं आणि लोह कमी असलेल्या बायकांमध्ये दिवसाआड घेतलेलं जास्त शोषलं जातं असं अभ्यासात दिसलंय. संडास काळी होते, त्याला घाबरायचं नाही.

आता महत्त्वाचं. हे वेळापत्रक सुरू करशील तेव्हा डॉक्टरांना फोन करून सांग. कारण गोळी शोषली जात नव्हती म्हणून त्यांनी डोस वाढवत नेला, आता तीच गोळी पूर्ण लागू पडली की वाढवलेला डोस जास्त होऊ शकतो, मग छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं सुरू होतं. साधारण ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच परत करायचं असतं, त्याआधी धडधड झाली तर थांबू नको, लगेच दाखव.

आणि त्या गमीज. बायोटिनची रोजची गरज प्रौढ माणसाला ३० मायक्रोग्रामच्या आसपास, केसांच्या गमीजमध्ये ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्राम सर्रास असतं. नुकसान फार करत नाही पण लॅबच्या मशिनला फसवतं, काही पद्धतींच्या टेस्टमध्ये टीएसएच खोटंच कमी आणि टी-४, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, खोटंच जास्त दाखवतं, हार्ट अटॅकच्या ट्रोपोनिन टेस्टमध्येही गडबड होते, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. म्हणून रक्त द्यायच्या आधी २-३ दिवस बंद, आणि लॅबवाल्याला सांगायचं. तसंही थायरॉइड बिघडलेलं आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला असलं की केस गळणारच, ते दोन जागेवर आले की गमीजची आठवणही राहणार नाही.

एक मात्र तू लिहिलंच नाहीस, पाळी कशी आहे? वय ४३ आणि हिमोग्लोबिन ९ म्हटल्यावर लोह कुठून चाललंय ते शोधलंच पाहिजे. अंगावरून जास्त जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, नुसत्या गोळ्या गिळून भोकाचं भांडं भरत नाही.

प्रश्न : मी महालातला ६८ वर्षांचा पेन्शनर, शुद्ध शाकाहारी, डायबेटिसची मेटफॉर्मिन गेली कितीतरी वर्षं सुरू. तळपायाला आग होते, रात्री मुंग्या येतात, चालताना गादीवर चालल्यासारखं वाटतं. अंबाझरीला फिरायला येणारे एक मित्र म्हणतात स्पिरुलिना घ्या, त्यात भरपूर बी-१२. दुसरे म्हणतात मेटफॉर्मिनच बंद करा. काय करू?

काकाजी, मेटफॉर्मिन बंद करू नका. पण तुमच्या दुसऱ्या मित्राच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ चं शोषण कमी होतं, आणि त्यात तुम्ही शाकाहारी, म्हणजे मुळात येतं कमी आणि शोषलं जातं त्याहून कमी. ॲसिडिटीची गोळी, पँटोप्राझोल वगैरे, रोज उपाशीपोटी घेत असाल (नागपुरात कोण घेत नाही, सावजी न खाणारेही घेतात) तर तिसरं कारण तयार. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो म्हणून हे दुखणं चोरपावलांनी येतं आणि माणूस म्हणतो वय झालं.

रक्तातलं बी-१२ तपासा. २०० पिकोग्रामच्या खाली आलं तर कमतरता धरतात, त्याच्या थोडं वर असेल तरी लक्षणं बघून डॉक्टर उपचार सुरू करतात. मुंग्या, आग, तोल जाणं असं असताना बरेचदा आधी इंजेक्शनं देतात आणि मग गोळी. स्पिरुलिनाचं म्हणाल तर त्यात जे असतं ते बी-१२ सारखं दिसणारं पण माणसाच्या कामाचं नसलेलं. डब्यावर आकडा मोठा छापलेला असेल, नसांना त्याचा उपयोग शून्य. ताटातून मिळायचं तर शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक, पनीर एवढंच, एका पेल्या दुधात १ मायक्रोग्रामच्या आसपास आणि रोजची गरज दोनच्या थोडी वर. म्हणजे चहातल्या दोन चमचे दुधाने भागत नाही.

दोन धोके सांगून ठेवते. पहिला फॉलिक ॲसिडचा. बी-१२ कमी असताना कोणी नुसतं फॉलिक ॲसिड सुरू केलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, सगळे खूश, आणि आतमध्ये नसांचं नुकसान चालूच राहतं. दुसरा धोका मेडिकल स्टोअरमधून आपल्या मनाने आणलेल्या 'नसांच्या गोळ्यां'चा, त्यात बी-६ भरपूर असतं, आणि बी-६ जास्त मात्रेत महिनोन्महिने घेतलं की ते स्वतःच मुंग्या आणि आग आणतं. बघा म्हणजे, ज्यासाठी घेतलं तेच वाढतं आणि माणूस अजून एक गोळी वाढवतो.

आणि हो, बी-१२ नॉर्मल आलं तर ही आग डायबेटिसची स्वतःचीही असू शकते. पायाची संवेदना तपासून घ्या, रोज रात्री तळपाय आरशात बघा, घरातही अनवाणी फिरू नका, मे महिन्यात गच्चीवर तर बिलकुलच नाही, चटका बसलेला कळतच नाही.

प्रश्न : आम्ही उमरेडकडचे. मुलगी १३ वर्षांची, सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला. हिमोग्लोबिन साडेसात. सगळे म्हणतात इतकं कमी कसं, लोह द्या, बीट द्या, खजूर द्या, गुळ-शेंगदाणे द्या. मेडिकलवाल्या भाऊंनी लोहाचं टॉनिक दिलं. मोठ्या दवाखान्यात मात्र फॉलिक ॲसिडची गोळी आणि हायड्रॉक्सियुरिया दिली, लोह दिलं नाही. त्यांच्या लक्षात राहिलं नसेल का?

राहिलं आहे ताई, मुद्दामच दिलं नाही. हा प्रश्न विदर्भात इतक्या घरांत आहे की थोडं सविस्तर लिहिते.

आपल्या मनात 'रक्त कमी म्हणजे लोह कमी' असं पक्कं बसलंय. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकते आणि १०-२० दिवसांतच फुटते. रक्त कमी आहे ते पेशी लवकर फुटतात म्हणून, लोह मिळत नाही म्हणून नाही. फुटलेल्या पेशीतलं लोह शरीरातच राहतं आणि परत वापरलं जातं. त्यात कधी रक्त चढवलं असेल तर प्रत्येक पिशवीसोबत २०० मिलिग्रामच्या वर लोह आत जातं आणि शरीराकडे जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच नाही, ते यकृतात, हृदयात साठत जातं. म्हणून फेरिटिन तपासून खरंच कमी निघालं तरच लोह, नाहीतर टॉनिक कपाटात ठेवा, किंवा ठेवूच नका, घरातलं दुसरं पोरगं पिऊन घेईल. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते तिचंही डॉक्टरांना विचारून घ्या आणि बाईंना चिठ्ठी लिहून द्या.

फॉलिक ॲसिड मात्र पाहिजेच, कारण पेशी भराभर तयार करायच्या तर त्याचा खप वाढतो. हायड्रॉक्सियुरिया चुकवायची नाही, तिच्यामुळे दुखण्याचे झटके कमी होतात, तिच्याऐवजी गव्हांकुराचा रस किंवा पपईच्या पानांचा रस असा सौदा कोणी सांगितला तर ऐकू नका.

बीट, खजूर, गूळ खाऊ द्या हो, ते जेवण आहे, औषध म्हणून मोजू नका. तिच्या ताटात मला त्यापेक्षा दुसरं दिसायला पाहिजे, दोन वेळा घट्ट वरण, अंडं चालत असेल तर रोज एक, चण्याची किंवा बरबटीची उसळ, दही, आणि शेंगदाणे-जवसाची चटणी तेल घालून, कारण या मुलांचं शरीर सतत कामावर असतं, त्यांना बाकी पोरांपेक्षा जास्त खायला लागतं आणि वजन मागेच राहतं. आणि पाणी. पाणी कमी पडलं की पेशी अजून वाकतात, झटका येतो. उमरेडच्या उन्हाळ्यात ४५ अंशात शाळेत जाणाऱ्या मुलीजवळ स्वतःची मोठी बाटली पाहिजे, आणि वर्गात लघवीला जाऊ देत नाहीत म्हणून ती पाणी पीत नाही असं तर नाही ना, हे तिला एकदा विचाराच.

घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली का? सरकारचं सिकलसेल निर्मूलन मिशन जुलै २०२३ पासून सुरू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. आणि एखादा नुसता वाहक निघाला, म्हणजे एएस, तर त्याचं हिमोग्लोबिन सहसा ठीक असतं, त्याचं रक्त कमी असेल तर तिथे लोहाची कमतरता शोधायची, 'सिकल आहे ना, असंच असते' म्हणून सोडायचं नाही.

प्रश्न : बाबा ६६ वर्षांचे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, आता केपसायटाबिनच्या, म्हणजे केमोच्या, गोळ्या चालू. भेटायला येणारा प्रत्येकजण काही ना काही आणून देतो. गव्हांकुर पावडर, गुळवेलीच्या गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल, मल्टिव्हिटॅमिन. काकूंनी साखर, भात, दूध सगळं बंद करायला लावलं, म्हणतात साखर कॅन्सरला पोसते. बाबांचं वजन ६४ वरून ५८ झालं. इंटिग्रेटिव्ह म्हणजे दोन्ही बाजूंचं घ्यायचं ना?

इंटिग्रेटिव्ह म्हणजे 'जे कोणी आणलं ते सगळं' नाही भाऊ. त्याचा अर्थ एवढाच की मुख्य उपचार आहे तसा चालू ठेवून, आहार, योग, मालिश, ॲक्युपंक्चर यातलं ज्याचा फायदा आणि सुरक्षितता तपासून बघितली आहे ते जोडायचं, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना सगळं माहीत असायला पाहिजे.

तुम्ही फोटो पाठवला तो बघितला. स्टीलचा डबा, त्यात कात्रीने कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे, कोणाचंही नाव नाही, तारीख नाही, एका तुकड्यावर नुसतंच 'टॅब' उरलंय, आणि वर रबरबँड लावलेली हळदीची डबी. आज पहिलं काम, हा डबा पलंगावर ओता, ज्याचं नाव कळत नाही ते बाजूला काढा, बाकीच्याची यादी करा आणि पुढच्या फेरीला यादी आणि डबे दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा.

आता एकेक. मल्टिव्हिटॅमिनमध्ये फॉलिक ॲसिड किती आहे ते बघा, कारण केपसायटाबिनसोबत फॉलिक ॲसिड जास्त झालं की गोळीचा त्रास, म्हणजे जुलाब, तोंड येणं, तळहात-तळपाय सोलणं हे वाढू शकतं. वरच्या उत्तरात मी ज्या मुलीला फॉलिक ॲसिड पाहिजेच म्हटलं, तेच इथे विचारल्याशिवाय नको. गोळी एकच, माणूस बदलला की हिशोब बदलतो.

गुळवेल. कोविडच्या काळात घरोघरी काढे झाले आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटमध्ये यकृताला सूज आल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्याला विरोध केला, म्हणाले की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. कोण बरोबर यावर लोक अजून भांडतात, पण ज्याच्या यकृतावर आधीच केमोचा भार आहे त्याने हा वाद स्वतःच्या अंगावर कशाला सोडवायचा? हळदीचंही तसंच. भाजीतली, दुधातली हळद खुशाल. पण कॅप्सूलमध्ये अर्क असतो, शोषण वाढावं म्हणून मिऱ्याचं पिपेरिन घातलेलं, आणि अशा कॅप्सूलमुळे यकृत बिघडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. पिपेरिन बाकी औषधांचं रक्तातलं प्रमाणही बदलू शकतं.

'अँटिऑक्सिडंट आहे, चांगलंच असणार' हे तर फार ऐकते. बीटा-कॅरोटीनचं उदाहरण घ्या, गाजरातलं. जास्त गाजर-पालेभाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं दिसलं म्हणून सिगारेट पिणाऱ्यांना त्याच्या गोळ्या देऊन मोठे अभ्यास केले, १९९४ मध्ये फिनलंडचा निकाल आला, १९९६ मध्ये अमेरिकेचा, दोन्हीत गोळी घेणाऱ्यांना कॅन्सर जास्त झाला. गाजर वेगळं आणि गाजराची गोळी वेगळी. केमो-रेडिएशन चालू असताना मोठ्या डोसची अँटिऑक्सिडंट टाळा असं कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात ते उगाच नाही.

आता काकू. काकूंना समजावणं सगळ्यात कठीण हे मला माहीत आहे, त्यांचा जीव आहे बाबांवर. त्यांना एवढंच दाखवा, ६४ चं ५८ झालं. साखर बंद केली म्हणून कॅन्सर उपाशी मरत नाही, शरीर स्नायू मोडून साखर तयार करतं, म्हणजे बाबाच खर्च होऊन राहिले. वजन असं उतरलं की केमोचे डोस पुढे ढकलावे लागतात, कमी करावे लागतात. डायबेटिस नसेल तर भात सुरू करा, आजपासून. किलोमागे निदान १ ग्रॅम, शक्यतो दीड ग्रॅमपर्यंत प्रोटीन पाहिजे, म्हणजे बाबांना ६० ते ८५ ग्रॅम. एका अंड्यात ६, वाटीभर घट्ट वरणात ६-७, १०० ग्रॅम पनीरात १८ च्या आसपास. एका बैठकीत होत नाही म्हणून दिवसातून ६ वेळा थोडं थोडं, मऊ खिचडी वर तूप, अंड्याची भुर्जी, दही-भात, मुगाचं धिरडं, सातूचं पीठ दुधात. जुलाब चालू असतील तेवढे दिवस दूध कमी आणि दही-ताक ठेवा. तोंड आलं असेल तर तर्री-बिर्री काही दिवस विसरा. एवढं करूनही ताट अर्धं परत येत असेल तर मग प्रोटीन पावडर, ती अशाच वेळेसाठी असते, किडनीचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून.

गव्हांकुराचा आणि कुठलाही कच्चा रस, उघड्यावरचा उसाचा रस, न शिजवलेले मोड, पांढऱ्या पेशी कमी असताना नकोच, इन्फेक्शनला आमंत्रण.

डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका, तो नंबर खाद्यपदार्थ म्हणून विकायच्या परवान्याचा आहे, आणि हेल्थ सप्लिमेंटच्या लेबलवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असं लिहिणं त्यांना बंधनकारकच असतं. बारीक अक्षरात असतं. भिंग घेऊन वाचा एकदा काकूंसोबत बसून.

प्रश्न : भावाला टीबी निघाला, वय २६, वजन ४१ किलो. औषधं सुरू झाली. ताकद यावी म्हणून हजार-बाराशेचा पावडरचा डबा आणायचा म्हणते आई, आमची परिस्थिती बेताची. आणू का?

आणू नका. त्या पैशाचं किराणा आणा, हे मी मनाचं सांगत नाही. झारखंडमध्ये टीबी पेशंट आणि त्यांच्या घरच्यांना शिधा देऊन मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशंटला महिन्याला १० किलोचा शिधा, तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल, सोबत व्हिटॅमिनची गोळी. ज्यांचं वजन पहिल्या २ महिन्यांत ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यू खूपच कमी झाले, आणि घरच्यांना शिधा मिळाला त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी. डाळ-तांदळाची करामत, डब्याची नाही.

४१ चे ५ टक्के म्हणजे २ किलोच. रोज दोनदा वरण-भात तेलाची धार सोडून, मूठभर शेंगदाणे-गूळ, २ अंडी, फुटाणे, झुणका-भाकर, पोहे केले तर शेंगदाणे दुप्पट. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत पैसे खात्यात येतात, २०१८ मध्ये ५०० रुपये महिना होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. नोंदणी आणि बँक खातं जोडलंय का ते टीबीच्या आरोग्य कर्मचाऱ्याला विचारा, लाजू नका, तो हक्क आहे. हाताला-पायाला मुंग्या आल्या तर सांगा, टीबीच्या एका औषधाने बी-६ कमी होतं, त्यासाठी गोळी देतात, इथे ती लागते. कावीळ, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी दवाखाना. आणि यकृतावर भार टाकणारी जडीबुटी तोवर बिलकुल नाही.

प्रश्न : नागपुरात एवढं ऊन, तरी माझं व्हिटॅमिन डी ११ आलं. ६०,००० ची गोळी लिहून दिली. छान वाटलं म्हणून ८ आठवडे झाल्यावरही मीच आणून घेऊन राहिली, आता सात-आठ महिने झाले. बहीण तर रोज एक घेते. चालते ना?

बहिणीला आत्ता फोन करा. रोज घ्यायची गोळी नाही ती! ६०,००० आठवड्यातून एक, साधारण ८ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तसं महिन्यातून एक वगैरे. रोजची गरज ६०० युनिटच्या आसपास असते, तुम्हीच बघा किती पट झालं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही, जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, डोकं भ्रमिष्ट होणं, आणि किडनीवर मार. गोळी बंद केली तरी उतरायला आठवडे-महिने लागतात. दोघींनीही गोळी थांबवून व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) करून घ्या, बहिणीचं उद्याच. वरून कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्याही डॉक्टरांना दाखवा.

उन्हाचं म्हणाल तर ऊन आहे, आपण त्यात कुठे असतो? मार्च लागला की कूलर, खिडक्यांना खसाच्या ताट्या, गाडीवर निघालं की डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात. आणि डी तयार करणारे किरण सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात फारसे नसतातच, ते मिळतात साधारण ११ ते ३ मध्ये. मेमध्ये हे कोणाला सांगणार नाही मी, उष्माघात व्हायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र दुपारी गच्चीवर हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं संत्री सोलत बसा.

प्रश्न : हृदयाची झडप बदलली आहे, रक्त पातळ करायची गोळी ॲसिट्रॉम चालू. पालक, अंबाडी, मेथी सगळं बंद केलं. आयुष्यभर असंच का?

नाही हो. बंद करायचं नाही, सारखं ठेवायचं. पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के या गोळीच्या विरुद्ध काम करतं, म्हणून डॉक्टर डोस बसवतात तो तुमच्या नेहमीच्या खाण्यावर बसतो. आठवड्यातून दोन-तीनदा वाटीभर भाजी खात असाल तर तेवढीच खात राहा. पंधरा दिवस काहीच नाही आणि मग अंबाडीची भाजी-भाकर सलग चार दिवस, असं झालं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, वरखाली होते. आता परत सुरू करताना डॉक्टरांना सांगून थोडी थोडी वाढवा आणि आयएनआर लवकर तपासा. फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई आणि अंगदुखीची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नको, रक्त जास्त पातळ होतं. हिरड्यांतून रक्त, काळी संडास, विनाकारण निळे डाग दिसले तर आयएनआरच्या तारखेची वाट बघू नका.